बाबा काही बंद करणार नाही

सुट्टीला निघताना इतर घरांत काय काय न्यायचं याची चर्चा होते. या घरात काय न्यायचं नाही हे आधी ठरलं. बायकोने नवऱ्याची बॅग पलंगावर उपडी केली, तेव्हा तिच्यातून बॅटरी, छोटी हातोडी, स्क्रूड्रायव्हर, वंगणाची बाटली आणि स्टीलची मोजपट्टी निघाली. लोकरी मोज्यांचा एकच जोड होता आणि तोही हातोडीला गुंडाळलेला होता. बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिने आवाज न चढवता मोजे ठेवले आणि बाकीचं सगळं कपाटात टाकून किल्ली स्वतःजवळ घेतली.

नवरा लिफ्ट-तपासनीस होता. सरकारी कागदावर त्याला उद्वाहन निरीक्षक म्हणत, पण एवढं म्हणेपर्यंत लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पोचते म्हणून तोंडाने कुणी म्हणत नसे. शहरातली कुठली लिफ्ट चालू राहावी आणि कुठली नाही हे त्याच्या हातात होतं, आणि बंद करण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसत्या आवाजावरून त्याला यंत्राचं दुखणं कळायचं. स्वतःच्या इमारतीची लिफ्टसुद्धा त्याने सोडली नव्हती. दाराची कडी नीट बसत नाही या कारणावरून त्याने ती थंडीच्या तोंडावर बंद केली, आणि सुटा भाग यायची वाट पाहत सगळे रहिवासी जिने चढत होते. तो स्वतः चौथ्या मजल्यावर राहत असल्यामुळे पक्षपाताचा आरोप कुणाला करता येईना. बाकीचे सगळे आरोप झाले.

खरं दुखणं वेगळंच होतं. गेल्या वर्षी जत्रेत सात वर्षांची थोरली आकाशपाळण्याच्या रांगेत तासभर उभी राहिली, आणि अगदी तिचा नंबर आला तेव्हा बापाच्या कानांनी एक नट ढिला असल्याचं ऐकलं. पाळणा बंद झाला. नट खरोखरच ढिला होता. आपण बरोबर होतो हे त्याने पोरीला घरी येईपर्यंत परत परत समजावून सांगितलं, आणि दर वेळी ती आणखी रडली. बरोबर असूनही आपण काहीतरी वाईट केलं आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि ते अजून गेलं नव्हतं.

म्हणून बर्फात स्की शिकायला जायचं ठरलं, तेव्हा थोरलीने उड्या मारायच्या आधी त्याच्यासमोर येऊन विचारलं, "बाबा, तू तिथे काही बंद करणार नाहीस ना?"

"नाही," तो म्हणाला.

"काहीच?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बायकोने शपथेवर न भागवता त्याचं ओळखपत्रही मागून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. ओळखपत्र नसलं की तो चारचौघांसारखा माणूस होतो असा तिचा अनुभव होता.

रजेचा अर्ज मात्र पहिल्या फटक्यात परत आला. कारणाच्या जागी त्याने प्रामाणिकपणे 'बर्फावर घसरणे' असं लिहिलं होतं. कार्यालयातल्या कारकुनाचं म्हणणं, घसरणं ही आधी ठरवून करायची गोष्ट नाही. आधी घसरा, मग रीतसर आजारपणाची रजा टाका. साहेबांपर्यंत प्रकरण गेलं. साहेबांनी 'कौटुंबिक कारण' असं लिहायला सांगितलं, आणि ते लिहिल्यावर दिवसभर सहकारी येऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं दबक्या आवाजात विचारून गेले.

शेजाऱ्यांनी असा आवाज दबका ठेवला नाही. या इमारतीत बर्फ पाहिलेला माणूस एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य. त्याची बस एकदा घाटात अडकली होती आणि त्याने खिडकीतून तीन तास बर्फ पाहिला होता, त्यामुळे या विषयावर त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. त्याचा सल्ला एवढाच, की पडायचं तर खुशाल पडा, पण तोंड मिटून पडा. तळमजल्यावरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांचं मत पडलं की मुलं लहान आहेत, हाडं कोवळी आहेत, त्यांना काही होणार नाही. बापाचं काही सांगता येत नाही. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी जाण्याआधी सराव करा म्हणून सांगितलं आणि पडद्याच्या जुन्या लाकडी पट्ट्या आणून दिल्या. त्या मुलांच्या बुटांना बांधून व्हरांड्यात सराव सुरू झाला. धाकटा पाच वर्षांचा होता. त्याला सरळ जेमतेम चालता येई, पण वळता अजिबातच येत नव्हतं, म्हणून तो सरळ बाईंच्या घरात गेला आणि शिवणयंत्राच्या पायात अडकला. पट्ट्या त्याच संध्याकाळी परत गेल्या.

निघायच्या दिवशी सगळं सामान चार मजले खाली न्यायचं होतं. प्रत्येक मजल्यावर दार उघडून कुणी ना कुणी उभं होतं. मदतीला कुणी पुढे झालं नाही, पण लिफ्टने का नाही जात, असं प्रत्येकाने मोठ्या जिव्हाळ्याने विचारलं. सासूबाई सगळ्यांच्या मागून लोकरीची पिशवी घेऊन उतरल्या. त्यांना बर्फात घसरायचं नव्हतं. नातवंडं घसरताना बघायची होती, आणि उरल्या वेळात जावयासाठी मफलर विणून संपवायचा होता. तो गेल्या थंडीपासून चालू होता.

तिथे पोचल्यावर त्याने आपला शब्द पाळला. हॉटेलची लिफ्ट वर जाताना कण्हत होती. त्याने ऐकलं, ओठ आवळले आणि जिन्याने गेला. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात बुटाची पकड वजनावर बसवतात, म्हणून दुकानदाराने वजन विचारलं. त्याने सांगितलं. बायकोने रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यात नऊ किलो मिळवले. दुकानदाराने तिचा आकडा घेतला. पकड आपल्या वजनापेक्षा घट्ट बसली आहे अशी त्याची पुढे सुट्टीभर तक्रार होती, पण ती ऐकायला कुणी नव्हतं.

पाच वर्षांच्या मुलाला बर्फासाठी तयार करणं हे एक स्वतंत्र खातं आहे. आत बनियन, वर लोकरीचं, त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध पोशाख, मग हातमोजे, टोपी, शिरस्त्राण, चष्मा, आणि शेवटी बकलांचे अवजड बूट, ज्यात मूल एकदा उभं केलं की जागचं हलत नाही. सासूबाईंनी आधीच विचारलं होतं, कुणाला शूला जायचं आहे का? धाकट्याने मान हलवून नाही म्हटलं. शेवटचं बकल बसलं तसं त्याने जायचं असल्याचं जाहीर केलं. हे रोज झालं. रोज आजी आधी विचारायची आणि रोज तो नाही म्हणायचा, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

स्की शिकवणारी बाई तरुण होती आणि कमी बोलायची. पहिला धडा थांबायचा. पुढची टोकं जवळ आणा, मागची लांब करा, गुडघे आत घ्या, की माणूस थांबतो. मुलांना हे जमेना. त्यांना निघायची घाई होती. बापाला मात्र पहिल्याच झटक्यात जमलं. तो इतका उत्तम थांबला की बाईंनी सगळ्या वर्गाला त्याच्याकडे बघायला सांगितलं. त्याची छाती फुगली. मग निघायचा धडा आला, आणि तो थांबलेलाच राहिला. उतारावरसुद्धा गुडघे आत घेऊन तो असा काही यायचा की बाजूने चालत जाणारी माणसं त्याच्या पुढे निघून जात. संध्याकाळी बाई त्याला म्हणाल्या की तुमचं थांबणं उत्तम आहे, पण थांबायच्या आधी निघावं लागतं. पहिल्या दिवशी एवढंच बोलणं झालं. थोरली त्या दिवशी बापाचा हात धरून हॉटेलवर आली आणि तू आज काही बंद केलं नाहीस, असं तिने आपण होऊन सांगितलं. त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि सासूबाई डोंगरमाथा बघायला निघाल्या. वर जायला लिफ्ट होती, म्हणजे तारेला टांगलेल्या दोन-दोन जणांच्या खुर्च्या. त्या न थांबता फिरत राहत, माणसांनी येत्या खुर्चीत पटकन बसायचं. अर्धा तास मुलांकडे बघा, एवढं सांगून त्या दोघी बसल्या आणि निघाल्याही. मुलं खालच्या बुटक्या उतारावर खेळून दमली होती. बाप त्यांना घेऊन लिफ्ट चालवणाऱ्याच्या केबिनजवळ उभा राहिला, कारण तिथे वारा लागत नव्हता. निदान त्याने स्वतःला कारण तेच सांगितलं.

आणि त्याला तो आवाज आला. आधी कर्र, मग खट्. थोडं थांबून परत कर्र, खट्. चाकाचा दात घासतोय, त्याने मनात म्हटलं आणि दुसरीकडे बघितलं. आवाज थांबला नाही. त्याने थोरलीशी बर्फाच्या रंगाबद्दल बोलायचा प्रयत्न केला. कर्र, खट्. वर तारेवर त्याची बायको होती, बायकोची आई होती, आणि खाली शपथ. केबिनमधला चालक दुसऱ्या बाजूला तोंड करून चहा पीत होता. केबिनच्या बाहेर, हाताच्या उंचीवर, भलंमोठं लाल बटण होतं. वीस वर्षांची सवय बापाच्या हातात होती, आणि हाताने डोक्याला विचारलं नाही.

लिफ्ट थांबली. खुर्च्या जागच्या जागी डुलल्या. डोंगरभर शांतता पसरली, आणि त्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं: कर्र, खट्.

धाकटा त्याच्या पायाशी बसून बुटाचं बकल उघडत होता आणि मिटत होता.

चालक कप ठेवून बाहेर आला. त्याने बटणाकडे पाहिलं, मग बटणावरच्या हातमोज्याकडे पाहिलं. रागावला नाही, फक्त थकल्यासारखा झाला. चुकून दाबलं असेल तर परत चालू करा ना, असं रांगेतलं कुणीतरी म्हणालं. चालकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. आणीबाणीचं बटण दाबल्यावर अधिकृत निरीक्षकाने पाहिल्याशिवाय लिफ्ट पुन्हा सुरू करू नये. इथला निरीक्षक पलीकडच्या डोंगरावर जेवायला गेला होता. कुणी काढला असला नियम, असं रांगेत लोक विचारू लागले. बाप पाटीकडे बघत राहिला. ते वाक्य त्याचंच होतं. खात्याच्या बैठकीत सगळ्यांचा विरोध मोडून त्याने ते घालून घेतलं होतं, आणि त्या दिवशी घरी पेढे आणले होते.

"मी निरीक्षक आहे," तो शेवटी म्हणाला.

चालकाने ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र बायकोच्या पर्समध्ये होतं. बायको आणि पर्स तिसऱ्या खांबाजवळ, दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर टांगलेली होती. चालकाने हे ऐकून घेतलं आणि सूचना द्यायचा भोंगा त्याच्या हातात दिला.

"अगं," भोंगा म्हणाला, आणि डोंगरावरच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. "मी आहे. जरा तपासू का?"

वरून बायकोचा आवाज आला. शाळेच्या मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असल्याने तिला भोंगा लागला नाही. "तुम्हीच बंद केलीत का?"

"हो," भोंगा म्हणाला.

"मग मला काय विचारता? शब्द थोरलीला दिलात ना, तिला विचारा."

खुर्च्यांवरची अनोळखी माणसं, खालची रांग, चालक आणि कप असे सगळे थोरलीची वाट पाहू लागले. ती बर्फात त्याच्याकडे पाठ करून बसली होती. या वेळी ती रडत नव्हती, आणि त्याला ते जास्त लागलं. तो तिच्या समोर गेला आणि बूट वाकत नसल्यामुळे कसाबसा गुडघ्यावर बसला.

"तू म्हणाला होतास," ती म्हणाली.

तो म्हणाला की हो, म्हणालो होतो. आणि या वेळी मी बरोबरसुद्धा नव्हतो.

हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने जरा विचार केला. "तपास," ती म्हणाली. "पण आजीला खाली आणायला. तुला आवडतं म्हणून नाही."

ओळखपत्र खाली आणायचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. पर्स फेकायला त्यांनी मुलीला साफ मनाई केली, कारण तिच्यात त्यांची औषधं होती. त्यांनी पिशवीतून लोकरीचा उरलासुरला गुंडा काढला, ओळखपत्राच्या फितीला गाठ मारली आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं ते शांतपणे खाली सोडलं. लोकर कमी पडली. तेव्हा त्यांनी मफलर उसवायला घेतला. जावयाचा वर्षभराचा मफलर डोंगरभर माणसांच्या देखत ओळीओळीने खाली आला, आणि त्याच्या टोकाला त्याचा फोटो वाऱ्यावर गरगर फिरत होता. फोटोत तो फार गंभीर दिसत होता.

त्याने तपासणी केली. आवडत असल्याचं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याला बरेच कष्ट पडले. लिफ्टमध्ये काहीही दोष नव्हता. खुर्च्या हलल्या, बायको आणि सासूबाई वरून फिरून खाली आल्या. सासूबाईंनी सगळी लोकर गुंडाळून परत पिशवीत टाकली, आणि टोकाचं ओळखपत्रही तिच्याबरोबर गेलं. बायको एवढंच म्हणाली की देखावा चांगला होता, बघायला वेळ मिळाला. थोरलीने मात्र शिक्षा सुनावली. यापुढे बाबाने लिफ्टजवळ उभं राहायचं नाही. उताराच्या दुसऱ्या टोकाला पिवळा खांब होता, त्याच्या अलीकडे यायचं नाही.

त्याने शिक्षा भोगली. उरलेले दिवस तो खांबाच्या पलीकडे उभा राहून मुलांकडे बघत असे. धाकटा पडायचा, उठायचा, आणि बकलांना हात लावायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यालाही काहीतरी कळलं असावं. थोरली हात पसरून सरळ खाली यायला लागली. येणारे-जाणारे त्याला ओळखू लागले होते. भोंगेवाले, असं कुणीतरी म्हणालेलं त्याने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या दिवशी सासूबाईंना माथा पुन्हा बघायचा होता. गेल्या खेपेला मफलर उसवण्यात त्यांचं लक्ष बाहेर गेलंच नव्हतं. या वेळी त्या एकट्याच वर निघाल्या. बायको खाली उभी राहिली. मुलं आपापली घसरून खाली पोचली होती, आणि वर उताराच्या टोकाला बाप आणि शिकवणारी बाई असे दोघंच उरले होते. बाई म्हणाल्या, आज गुडघे आत घेऊ नका. खालून थोरली ओरडली, "बाबा, ये. थांबू नकोस."

तिनेच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. त्याने गुडघे मोकळे सोडले. वारा कानात शिरला आणि त्यात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येईना. काही घासत नव्हतं, काही ढिलं नव्हतं, आणि असलं तरी त्याला कळत नव्हतं. एक श्वासभर तो इतका खूश झाला की त्याला हसू फुटलं. मग पिवळा खांब बाजूने मागे गेला, आणि थांबायचं कसं हे आपण विसरलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. थोरलीही मागे गेली. समोर लिफ्ट होती, रांग होती आणि केबिनच्या दारात चालक होता. चालकाने त्याला ओळखलं. त्याने रांगेला बाजूला केलं, येत्या खुर्चीकडे पाहिलं, येत्या माणसाकडे पाहिलं, आणि लाल बटण दाबलं.

बाप केबिनशेजारच्या बर्फाच्या ढिगात छातीपर्यंत गेला. दंतवैद्याचा सल्ला ऐन वेळी आठवल्यामुळे तोंड मिटलेलं होतं.

थोरली धावत आली. तिने आधी वर थांबलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग बापाचे दोन्ही हात कुठे आहेत ते शोधलं. ते बर्फात होते. "तू दाबलंस?" तिने विचारलं.

त्याने मान हलवून नाही म्हटलं.

"मी दाबलं," चालक म्हणाला. "यांच्यासाठीच दाबलं."

थोरलीने सगळा हिशेब मनात मांडला. मग ती खाली बसली आणि त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकू लागली. "म्हणजे तू काही बंद केलं नाहीस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी बंद केलं." त्याला बरंच काही सांगायचं होतं, पण तो तोंड उघडायला अजून भीत होता.

"ओळखपत्र कुठे आहे?" चालकाने विचारलं. बायकोने पर्समध्ये हात घातला, मग दुसऱ्या कप्प्यात घातला, आणि मग सगळ्यांनी मिळून वर बघितलं.

तिसऱ्या खांबाजवळ खुर्ची हलकी डुलत होती. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी घाबरून सासूबाईंना विचारलं, काय हो झालं? सासूबाईंनी नव्याने सुरू केलेल्या मफलरची चार बोटं सुयांवरून उतरवली, कडेचा धागा शोधला आणि उसवायला घेतला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आमचे जावई खाली पोचले वाटतं."